पॅकर्स–काउबॉइज ४०–४० सुटली, आता मिसळ कोणी द्यायची?

तलावपाळीकर | ३० सप्टेंबर २०२५, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी. अमेरिकन फुटबॉल बघणारं इथे कोणी असेल तर मदत करा. आमच्या घरात पेटलेला वाद दसऱ्यापर्यंत विझेल असं दिसत नाही.

मी ठाण्याचा, पाचपाखाडीला राहतो, नोकरी ऐरोलीत. क्लायंट डॅलसजवळचा, त्यामुळे गेली बारा वर्षं मी काउबॉइजवाला. या टीमचा फॅन कोणी स्वतःहून होत नाही, लागण होते. माझा मेहुणा खारघरला असतो. तो दोन वर्षं मिलवॉकीला ऑनसाइट होता, तिथून पॅकर्सचं वेड आणि चीजच्या तुकड्यासारखी पिवळीधमक फोमची टोपी घेऊन आला. भाच्याच्या मुंजीत ती घालायला निघाला होता, सासूबाईंनी काढून घेतली.

तर आमची पैज. ज्याची टीम हरेल त्यानं दोन्ही घरांना मामलेदारची मिसळ खिलवायची. रविवारी रात्री आशिया कपची फायनल, पाकिस्तानला हरवलं, वर ट्रॉफीचा तो तमाशा, झोपायला एक वाजून गेला. पाच पन्नासला परत उठून बसलो, कारण अमेरिकेतली रविवार रात्रीची मॅच आपल्याकडे सोमवारी पहाटे. बायकोनं आदल्या दिवशीच बजावलं होतं की माळेसाठी झेंडू हवाय, सकाळी जांभळी नाक्यावर जाऊन ये. म्हटलं हाफटाइमला जातो. हाफटाइमला आम्ही १६–१३ नं पुढे. अशा वेळी झेंडू आणायला कोण जाईल?

मग जी मारामारी झाली ती विचारू नका. एकदा ते पुढे, एकदा आम्ही. शेवटी ३७–३७, ओव्हरटाइम. आम्हाला चेंडू पहिला मिळाला, गोल लाइनच्या तोंडाशी पोचलो, आणि तिथे आमच्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू), डॅक प्रेस्कॉटला, आडवा कोणी केला, तर मायका पार्सन्सनं. म्हणजे २८ ऑगस्टपर्यंत आमचाच असलेला माणूस, जो आमच्या मालकानं नवे खेळाडू निवडायच्या पहिल्या फेरीतल्या दोन निवडी आणि केनी क्लार्क हा खेळाडू घेऊन पॅकर्सना देऊन टाकला. घरचा भेदी म्हणावं तर तो आपण होऊन गेलाही नाही, आम्हीच त्याला दारापर्यंत सोडून आलो. टचडाउन (चेंडू गोल लाइनपलीकडे नेणं) हुकला, फील्ड गोलवर (खांबांमधून किक, तीन गुण) भागवलं, ४०–३७. मग चेंडू त्यांना. घड्याळात जेमतेम एक सेकंद उरलेला असताना त्यांनी फील्ड गोल मारला. ४०–४०. संपली मॅच. सुपर ओव्हर नाही, पेनल्टी नाही, काही नाही. खेळाडू एकमेकांशी हात मिळवून घरी. नऊ वाजून गेले होते आणि झेंडू अजून जांभळी नाक्यावरच होता.

मेहुणा म्हणतो, "दाजी, आम्ही हरता हरता वाचलो, तुम्ही जिंकता जिंकता राहिलात. नैतिक पराभव तुमचा, मिसळ तुमची." माझं म्हणणं असं की यंदा ओव्हरटाइमचा नियम बदलला, दोन्ही टीमना चेंडू मिळायलाच हवा असं केलं, म्हणून हे झालं. जुना नियम असता तर आमच्या फील्ड गोलवरच मॅच संपली असती आणि मिसळ तो देत असता.

माझं बरोबर आहे की नाही? आणि हे लोक दर वर्षी नियम बदलतात तरी का? खेळ सुरू करायच्या किकचं, किकऑफचंच बघा, बॉल हवेत असताना दोन्हीकडचे खेळाडू स्टॅच्यू म्हटल्यासारखे जागच्या जागी उभे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं नेट गेलं.

कळवा_कारशेड | रात्री १०:२१

शीर्षकात मिसळ दिसली म्हणून धागा उघडला. फुटबॉल म्हणजे मेस्सी असं समजणाऱ्यांपैकी आम्ही. चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खाडीपलीकडची | रात्री ११:४०

तलावपाळीकर, तुमचा राग चुकीच्या नियमावर निघतोय.

मी वाशीची. मुलगा पिट्सबर्गला शिकायला होता, नंतर तिथेच नोकरी लागली, म्हणून माझे सहा हिवाळे तिथे गेले. बाहेर बर्फ आणि घरात टीव्हीवर तिथली टीम स्टीलर्स, दुसरं करायला काही नव्हतं. त्या टीमचा पिवळा टॉवेल अजून माझ्या कपाटात आहे, केसांना लावायला कोणाला देत नाही.

नियमित हंगामात २०१२पासून असं होतं की पहिल्या ताब्यात, म्हणजे पहिल्या टीमकडे चेंडू असताना, नुसता फील्ड गोल झाला तर समोरच्याला संधी मिळायचीच. टचडाउन झाला तरच खेळ खलास. यंदाचा बदल एवढाच की पहिल्याच ताब्यात टचडाउन झाला तरी समोरच्याला संधी. तुम्ही सोमवारी केलात फील्ड गोल. म्हणजे गेल्या वर्षीच्या नियमानंही पॅकर्सना चेंडू मिळालाच असता. नव्या नियमानं तुमचं तसूभरही वाकडं केलेलं नाही.

तुम्हाला आडवा आला तो २०१७चा बदल. त्या वर्षी खेळाडूंची दमछाक कमी व्हावी म्हणून नियमित हंगामाचा ओव्हरटाइम १५ मिनिटांवरून १० वर आणला. दोन्ही टीमनी सावकाश चेंडू नेला की १० मिनिटं अशीच उडतात. जुनी १५ असती तर ४०–४० नंतर अजून पाच मिनिटं होती, आणि पुढे जो पहिला गुण घेईल तो जिंकला. बाद फेरीत मात्र निकाल लागेपर्यंत खेळतात, तिथे टाय नाही.

आणि अजून एक. पहिल्या डावात पॅकर्सचा टचडाउननंतरचा किक तुमच्या पोरांनी अडवला आणि पळत नेऊन दोन गुण घेतले, आठवतंय? अडवलेला किक उलटा नेऊन दोन गुण मिळवायची सोय २०१५मध्ये आली. त्याच वर्षी तो किकही १५ यार्डांच्या रेषेवर मागे नेला. त्याआधी तो इतका सोपा होता की लोक तेवढ्यात चहा टाकून यायचे. म्हणजे तुमचे ४० मुळात ३८ होते. नियमांच्या नावानं बोटं मोडताना हे दोन गुण विसरू नका.

आता दर वर्षी का बदलतात ते. मला विचाराल तर यांच्या नियमांच्या पुस्तकात प्रत्येक ओळीखाली कोणाची तरी जखम आहे. हा दुहेरी संधीचा नियम बफेलोच्या रडण्यातून आला. २३ जानेवारी २०२२, बफेलो बिल्स विरुद्ध कॅन्सस सिटी चीफ्स. बफेलो तीन गुणांनी पुढे, घड्याळात १३ सेकंद. तेवढ्यात चीफ्सनी बरोबरी केली, टॉस जिंकला, पहिल्याच ताब्यात टचडाउन केला, ४२–३६. बफेलोचा जॉश ॲलन ओव्हरटाइममध्ये नुसता बाकावर बसून राहिला. त्याच वर्षी बाद फेरीसाठी नियम बदलला. गंमत अशी की या नव्या नियमाचा पहिला फायदाही चीफ्सनीच घेतला. फेब्रुवारी २०२४च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या फायनलमध्ये, फोर्टीनाइनर्सनी टॉस जिंकून चेंडू आधी घेतला, फील्ड गोल केला, मग चीफ्सनी टचडाउन करून २५–२२ नं उचलला. फोर्टीनाइनर्सच्या काही खेळाडूंनी नंतर कबूल केलं की बदललेला नियम आम्हाला माहीतच नव्हता. कोट्यवधींचे पगार घेणारी माणसं! तुम्ही चुकलात तर त्यात काय मोठंसं.

आमच्या स्टीलर्सचंही सांगते. सत्तरच्या दशकात मेल ब्लाउंट समोरच्या रिसीव्हरला (चेंडू झेलणाऱ्याला) पार मागेपर्यंत असा धक्के मारत न्यायचा की त्याला चेंडू दिसायचाच नाही. १९७८मध्ये नियम केला, पाच यार्डांपलीकडे हात लावायचा नाही. सगळ्यांना वाटलं पिट्सबर्ग संपलं. झालं उलटंच. मोकळं मैदान मिळाल्यावर आमचा ब्रॅडशॉ लांब लांब फेकायला लागला आणि पुढच्या दोन हंगामांचे दोन्ही सुपर बोल स्टीलर्सचे.

तलावपाळीकर | १ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

ताई, साष्टांग. फील्ड गोलचं मी खरंच विसरलो होतो. हा धागा मेहुण्याला दिसता कामा नये.

पण जखमेचं तुम्ही काढलंत म्हणून माझी सांगतो. ११ जानेवारी २०१५. हेच पॅकर्स, हेच आम्ही, त्यांच्या मैदानावर, बाद फेरी. आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. तेव्हा आम्ही कोपरीत भाड्यानं राहायचो, एकच खोली, मुलगी आठ महिन्यांची, तिला झोपवून मी इयरफोन लावून लॅपटॉपवर बघत होतो. आम्ही पाच गुणांनी मागे, चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, दोन यार्ड हवेत. आमच्या रोमोनं लांब फेकला. डेझ ब्रायंटनं बचावपटूच्या डोक्यावरून उडी मारून झेलला, पावलं टाकली, गोल लाइनकडे हात लांबवत पडला, एक यार्ड बाकी. मी जो ओरडलो! पोरगी दचकून उठली, शेजारच्या काकांनी भिंत वाजवली. आणि मग पॅकर्सच्या कोचनं, मॅकार्थीनं, निर्णयाला आव्हान देणारा लाल रुमाल टाकला. रिप्ले बघून पंच म्हणाले, पडताना चेंडू जमिनीला लागून हलला, झेल नाही. २६–२१. मी पोरगीला खांद्यावर घेऊन पहाटेपर्यंत येरझाऱ्या घालत होतो. ती रडत होती, मीही तसाच.

२०१८मध्ये झेलाचा नियम बदलला. जमिनीवर पडल्यानंतरही चेंडू जसाच्या तसा राहायला हवा ही अट काढली. म्हणजे आज तो झेल धरला असता. तीन वर्षांनी सांगताय होय!

वर कळस असा की तो लाल रुमाल टाकणारा मॅकार्थी पुढे आमचाच कोच झाला, २०२० ते २०२४. पाच वर्षं मी त्या माणसाचा जयजयकार केलाय.

निदान_रेषा | सकाळी ९:०२

मी कबड्डीत पंचगिरी करतो, कळव्या-मुंब्र्याकडच्या स्पर्धांना. अमेरिकेचं कळत नाही पण बरोबरीचं कळतं. प्रो कबड्डीत इतकी वर्षं साखळीत बरोबरी चालायची. यंदाच्या हंगामापासून ती काढली. पाच-पाच चढायांचा टायब्रेकर, तरी नाही सुटलं तर गोल्डन रेड. मला विचाराल तर चुकीचं केलं. ४० मिनिटं अंगावर माती घेऊन दोघं सारखेच निघाले तर सारखेच निघाले. घरी जा की.

किकऑफला खेळाडू का उभे राहतात हे कोणी सांगेल का? व्हिडिओ बघितला, आमच्याकडे रेडर "कबड्डी" म्हणायच्या आधी डिफेन्स थिजतो तसं दिसतं.

खाडीपलीकडची | सकाळी ९:४८

छान विचारलंत. पूर्वी किक मारणाऱ्या टीमचे दहा जण पूर्ण मैदान धावत सुसाट यायचे आणि समोरून तेवढ्याच वेगानं येणाऱ्यांवर आदळायचे. डोक्याला मार बसायच्या घटना त्यात फार. तो मार टाळायला आधीचे बदल असे केले की किक थेट मागे जायचा, कोणी पळवायचाच नाही. मार कमी झाला पण खेळही मेला. २०२४मध्ये एक्सएफएल या दुसऱ्या लीगची कल्पना उचलली. किक मारणारा एकटा मागे ३५ वर, त्याचे दहा साथीदार थेट समोरच्यांच्या ४० यार्डांवर उभे, आणि त्यांना अडवणारे पाच-दहा यार्डांवर. चेंडू जमिनीला किंवा पळवणाऱ्याला लागेपर्यंत कोणी हलायचं नाही. अंतर कमी म्हणून वेग कमी, वेग कमी म्हणून धडक कमी. यंदा तो कायमचा केला आणि किक थेट एंड झोनमध्ये, म्हणजे गोल लाइनमागच्या पट्ट्यात, गेला तर चेंडू ३५ वर मिळतो. त्यामुळे किक मारणाऱ्याला आता नुसता जोर लावून भागत नाही.

तुमच्या कबड्डीसारखंच आहे, निदान रेषा ओलांडेपर्यंत सगळे एकमेकांच्या पायांकडे बघत.

सहावा_थर | दुपारी १:१०

नियम बदलतात म्हणून रडताय? आम्हा गोविंदांना विचारा. २०१४मध्ये हायकोर्टानं सांगितलं २० फुटांच्या वर जायचं नाही, १८च्या खालचा पोरगा नाही. २०१६मध्ये सुप्रीम कोर्टानं तेच धरलं. २०१७मध्ये उंचीचं बंधन गेलं, वय १४ वर आलं. सराव सुरू करताना माहीत नसायचं की ऑगस्टपर्यंत किती थर कायदेशीर राहतील. आणि यंदा १६ ऑगस्टला ह्याच ठाण्यात दहा थर लागले. जोगेश्वरीचं पथक आमच्या अंगणात येऊन दहा लावून जातं, ही खरी खुन्नस. तुमच्या मॅचमध्ये निदान पाऊस पडला तर खालचा माणूस घसरत नाही.

खारघर_टेकडी | संध्याकाळी ७:३५

नमस्कार. मी तो मेहुणा. ताईनं, म्हणजे दाजींच्या बायकोनं, लिंक पाठवली.

दाजी, डेझचा झेल नव्हता. तेव्हाच्या नियमानं नव्हता आणि मॅच तेव्हाच्याच नियमानं खेळतात. आणि पॅकर्स–काउबॉइज म्हटलं की गोष्ट २०१५ला सुरू होत नाही. ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे, विजेतेपदाची मॅच, तापमान उणे २५ सेल्सियस. पंचांच्या शिट्ट्या गोठल्या, तोंडानं ओरडून मॅच चालवली. शेवटचे काही सेकंद उरलेले, आम्ही मागे, यार्डभर अंतर. बार्ट स्टारनं चेंडू कोणाला दिला नाही, स्वतः घुसला. २१–१७. लाखभर वस्तीचं गाव, टीमचा मालक कोणी शेठ नाही, गावकऱ्यांचे आणि चाहत्यांचे शेअर. आणि समोर तुमचं डॅलस. अशी टीम सोडून माणूस काउबॉइजला कसा धरतो हे मला ताईच्या लग्नापासून कळलेलं नाही.

खाडीपलीकडची | रात्री ८:२०

या, खारघरकर. १९६७ काढलंत ते बरं केलंत. त्या टचडाउनचा प्रसिद्ध फोटो तुमच्याकडे असेलच. स्टार जमिनीवर आणि त्याच्यामागे त्याचाच साथीदार चक मर्सीन दोन्ही हात वर करून. सगळ्यांना वाटतं आनंदानं हात वर केलेत. मर्सीननं नंतर सांगितलं होतं की मी त्याला मागून ढकललं नाही हे पंचांना दाखवत होतो, कारण तेव्हा ढकलणं नियमाबाहेर होतं.

आता ढकलणं चालतं, आणि फिलाडेल्फिया ईगल्सनी त्याचाच डाव बसवलाय. क्वार्टरबॅकला मागून दोघांनी ढकलायचं आणि यार्डभर पुढे घुसायचं. यंदा त्यावर बंदी आणायचा प्रस्ताव कोणी मांडला? पॅकर्सनी. जानेवारीत ईगल्सनी त्यांना बाद फेरीत २२–१० नं घरी पाठवलं होतं. नियम बदलायला ३२ मालकांपैकी २४ मतं लागतात. मे महिन्यात मतदान झालं. बंदीच्या बाजूनं २२, विरोधात १०. तोच आकडा. मैदानात २२–१० आणि मतपेटीतही २२–१०, दोन्हीकडे पॅकर्सच हरले.

तलावपाळीकर | रात्री ८:२६

ताई, मिसळ तुम्हालाही लागू.

पण खरं सांगू का, त्या मतदानात मी मनानं पॅकर्सबरोबर होतो. ईगल्सचा तो डाव वर्षातून दोनदा आमच्याविरुद्ध चालतो. शेजारच्या सोसायटीशी पाण्यावरून भांडण असलं तरी वीज गेल्यावर दोघं मिळून महावितरणला फोन करतात, त्यातला प्रकार.

निदान_रेषा | रात्री ९:११

पंच म्हणून निकाल देऊ का? गुणतक्त्यात टाय कसा धरतात तेवढं सांगा.

खाडीपलीकडची | रात्री ९:१५

अर्धा विजय, अर्धा पराभव.

निदान_रेषा | रात्री ९:१७

मग बिल अर्धं-अर्धं. अपील नाही.

खारघर_टेकडी | रात्री ९:५०

मान्य. रविवारी सकाळी साडेआठ, मामलेदारला. दाजी, तुम्ही मध्यम घेता आणि वर दोन ताक पिता, ताक अर्ध्यात धरलेलं नाही. ताई विचारतेय की उद्या दसरा आहे, झेंडू आणि आपट्याची पानं कोण आणणार. तिनं मला विचारलं नाहीये, तुम्हाला विचारलंय.

तलावपाळीकर | रात्री ९:५८

निघालो. नाका साडेदहापर्यंत उघडा असेल ना?